आधी पत्रे, मग स्लॅब

सिडको एन-नऊमधल्या किंवा हडकोतल्या कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं की चहूकडे गज दिसतात. कॉलममधून दीड-दोन हात वर काढून ठेवलेले, गंज चढलेले, काहींच्या टोकावर पाण्याची रिकामी बाटली उलटी घातलेली. मालकाला विचारा, पुढचा मजला कधी? "बघू, पोराचं जमलं की." पोराचं जमतं, मजला चढतो आणि त्या मजल्याच्या गच्चीवर पुन्हा नवे गज उभे राहतात. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर होईपर्यंतच्या पन्नासेक वर्षांत या शहरात किती घरं बांधली गेली, याचा हिशेब महापालिका आणि सिडकोकडे थोडाफार मिळेल. बांधून झालेल्या घरांना किती खोल्या जोडल्या गेल्या, याचा हिशेब कोणाकडेच नाही. माझ्या मते शहर खरं वाढलं ते या बिनहिशेबी खोल्यांनी.

त्याआधीच्या, तटबंदीच्या आतल्या शहरात घर मोजायचं ते खणांत. अमुक पाच खणांचं, तमुक नऊ खणांचं. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या नाहीतर काटक्यांचा थर आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद. गुलमंडी, औरंगपुरा, पानदरिबा या भागांतले वाडे असेच. ढेलज, चौक, ओसरी, माजघर. घर वाढवायचं म्हणजे एक-दोन खण पुढे सरकायचं किंवा ढेलजेवर माडी चढवायची. त्याला नकाशा लागत नसे, सुतार आणि गवंडी लागत. पण वाड्यात मोकळी जागा असे ती फक्त चौकात. भावाभावांत वाटण्या झाल्या की पहिली भिंत चौकात पडे, मग प्रत्येकाची मोरी चौकात येई, मग जिना. तीन पिढ्यांत चौकाची बोळ होऊन जाई. जागा वाढली खरी, पण वाड्याला श्वास देणारा भाग त्यात गेला. आजही गुलमंडीमागच्या काही घरांत भर दुपारी दिवा लावावा लागतो तो या वाटण्यांमुळे.

माळवदाचा शेवट बऱ्याच अंशी किल्लारीने केला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव पट्ट्यात भूकंप झाला आणि दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदांचं वजन झोपलेल्या माणसांवर कोसळलं. औरंगाबाद तिथून दूर, पण भीती सगळ्या मराठवाड्यात पोहोचली. त्यानंतर "मातीचं नको, स्लॅबच टाकायचा" हे वाक्य गावोगावी म्हटलं जाऊ लागलं. लोखंड आणि सिमेंट असलं की घर पक्कं, असा समज त्यातून घट्ट झाला. तो अर्धाच खरा. जुन्या भिंतीवर कॉलम-बीम न घेता टाकलेला स्लॅबही वजनच असतो.

आता वस्ती का फुगली ते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे घाटी, १९५६ चं, विद्यापीठ १९५८ चं, अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं. त्यापाठोपाठ रेल्वे स्टेशनजवळची आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठ, १९८२ मध्ये नगरपालिकेची महापालिका, १९८५ मध्ये वाळूजला बजाज. १९७१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास होती. १९९१ मध्ये ती पावणेसहा लाखांच्या घरात गेली, २०११ मध्ये पावणेबारा लाखांच्या. चाळीस वर्षांत जवळजवळ आठपट. एवढ्या माणसांसाठी तयार घरं कोण बांधून ठेवणार होतं?

थोडीफार सिडकोने बांधली. १९७० मध्ये नव्या मुंबईसाठी स्थापन झालेल्या या महामंडळाकडे सत्तरच्या दशकातच नवं औरंगाबाद वसवण्याचं काम आलं. जालना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, मुकुंदवाडीपासून हर्सूलच्या दिशेने एन-एक, एन-दोन असे तेरापर्यंत सेक्टर आखले गेले. हडकोच्या कर्जातून बांधल्या गेलेल्या भागाला लोक आजही हडकोच म्हणतात आणि दोन्ही मिळून 'सिडको-हडको' हा जोडशब्द शहराच्या जिभेवर बसला. अल्प उत्पन्न, अत्यल्प उत्पन्न, मध्यम उत्पन्न अशा गटांनुसार घरं. कारकून, शिक्षक, एसटीचे वाहक-चालक, कंपनीतले कामगार यांना सोडतीतून मिळालेली.

त्यातलं एक छोटं घर जवळून पाहू. एक खोली, स्वयंपाकाला कोपरा, मागे संडास-न्हाणी, पुढे-मागे थोडी मोकळी जागा. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. राहायला आल्यावर पहिल्या वर्षी मालक पुढच्या जागेला तारेचं कुंपण घालतो, तुळस आणि पेरू लावतो. मग पुढच्या अर्ध्या जागेवर पत्रे पडतात. ती सायकलची आणि उन्हाळ्यात झोपायची जागा. पत्र्याखाली दोन बाजूंनी विटा चढतात, दार बसतं आणि ती 'पुढची खोली' होते. मागे स्वयंपाकघर सरकतं. पेरू जातो. मग कधीतरी पत्रे काढून स्लॅब पडतो. स्लॅबच्या दिवशी सगळी गल्ली हजर. पहाटेपासून मिक्सरचा आवाज, घमेल्यांची रांग, संध्याकाळी मजुरांना जेवण आणि मिस्त्रीला टॉवेल-टोपी. दुसऱ्या दिवसापासून घरातली पोरं दोन वेळा स्लॅबवर पाणी मारतात. वर जायला जिना हवा, आणि तो आतून काढला तर खोलीच खातो, म्हणून बाहेरून, रस्त्याच्या कडेला. सिडकोच्या गल्ल्यांत चालताना डोक्याला लागतील असे उभट, अरुंद, लोखंडी किंवा सिमेंटचे जिने दिसतात ते याच हिशेबातून आले.

जिना बाहेर गेला आणि घराचं अर्थशास्त्र बदललं. कारण वरच्या खोलीला स्वतंत्र वाट मिळाली, म्हणजे ती भाड्याने देता येऊ लागली. विद्यापीठ, घाटी, अभियांत्रिकी, नंतर एमजीएमची महाविद्यालयं. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भाच्या टोकावरून पोरं शिकायला येत होती. वाळूजला आणि चिकलठाण्याला तीन पाळ्यांत कामगार लागत होते. वसतिगृहं अपुरी, कंपन्यांनी कामगारांना घरं दिली ती मोजकीच. ती गरज सिडकोच्या आणि मुकुंदवाडीच्या वरच्या खोल्यांनी भागवली. एका खोलीत तीन पोरं, कोपऱ्यात गॅस, दाराबाहेर चपलांचा ढीग. बाहेरगावच्या पोरांचं पहिलं शहर म्हणजे ही खोली आणि खालच्या काकूंचा गेट बंद करायचा दहाचा नियम. कित्येक घरांत मुलीच्या लग्नाचा किंवा मुलाच्या अभियांत्रिकीच्या फीचा मोठा वाटा या भाड्यातून निघाला. 'प्रॉपर्टीची किंमत वाढते' असं आज जाहिरातीत म्हणतात ते तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं. विकायचं कोणाला होतं? वाढीव खोलीचं मोल दर महिन्याच्या एक तारखेला कळायचं.

घर वाढत जाणार हे गृहीत धरून मूळ घर आखावं, हा विचार त्या काळी जगात इतरत्र जोरात होता, आणि सिडकोला तो परका नव्हता. नव्या मुंबईच्या आखणीत पुढे असलेल्या चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये घरं अशी बसवली की शेजाऱ्याशी भिंत सामाईकच नको. प्रत्येकाने आपलं घर आपल्या गतीने वाढवावं, दुसऱ्याला धक्का न लावता. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशींनी गरीब कुटुंबांना जोतं, पाणी आणि संडासाची सोय देऊन बाकीचं त्यांच्यावर सोपवलं. चिलीत इकिके शहरात आलेहांद्रो अरावेना यांनी २००४ च्या सुमारास घराचा अर्धाच भाग बांधून दिला आणि उरलेल्या अर्ध्याची जागा सांगाड्यासह मोकळी ठेवली. पुढे २०१६ मध्ये अरावेनांना आणि २०१८ मध्ये दोशींना प्रित्झकर मिळालं. आपल्याकडच्या सिडकोवासीयाला कोणी काही दिलं नाही, पण केलं त्यानेही तेच. फरक एवढाच की त्याच्या घराच्या पोटात पुढच्या मजल्याचा विचार नव्हता.

तो विचार नसल्याची किंमत सामाईक भिंतीने वसूल केली. नऊ इंची विटांची भिंत, दोन घरांचा भार पेलण्यासाठी बांधलेली. एकाने त्यावर मजला चढवला की दुसऱ्याच्या घरात चीर. दुसऱ्याने पुढे स्वतःचा मजला घेतला की दोन स्लॅबच्या मध्ये बोटभर फट राहते आणि तिथून पावसाळाभर पाणी झिरपतं. फटीवर पत्र्याची पट्टी, डांबर, सिमेंटचा लेप, सगळं करून झालेलं असतं. मिस्त्री म्हणतो, बाजूच्यांनी त्यांच्या बाजूने करायला पाहिजे. बाजूचे म्हणतात, आधी त्यांनी बांधलं. या बोटभर फटीवरून किती शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं, त्याचीही मोजदाद कोणाकडे नाही. शहाण्यांनी नंतर वेगळी वाट धरली. भिंतीला हात न लावता आतून चार कोपऱ्यांत नवे कॉलम घ्यायचे आणि वरचा सगळा भार त्यांच्यावर द्यायचा. खोली प्रत्येक बाजूने अर्धा-पाऊण फूट लहान होते, पण झोप लागते. गज जालन्याचे. साठेक किलोमीटरवर लोखंडाच्या रोलिंग मिल असल्याचा हा फायदा. वाळू गोदावरीची, पैठणकडून आलेली. पुढे वाळूचे लिलाव, बंदी आणि चोरटी वाहतूक यांत तिचा भाव इतका चढला की दगडाचा चुरा, म्हणजे क्रश सँड, वापरात आला.

आणखी एक गोष्ट या शहरातल्या प्रत्येक वाढीव बांधकामात असते, ती बाहेरच्याला पटकन कळत नाही. पैठणला नाथसागरासारखा जलाशय उशाशी असून इथे नळाला पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी, आठ दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. म्हणून खोलीच्या आधी हौद. अंगण खोदून जमिनीखाली टाकी, तिच्यावर फरशी, फरशीवर गाडी. वर काळ्या नाहीतर पांढऱ्या टाक्या, एक मालकाची, एक भाडेकरूची. भाडेकरू खोली पाहायला आला की आधी "पाणी कसंय?" विचारतो, भाडं नंतर. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन झालं, पुढे तिचा खर्च बराच वाढला, पण हौद बुजवल्याचं मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

सिडकोच्या हद्दीबाहेर गोष्ट वेगळीच होती. पुंडलिकनगर, जयभवानीनगर, हनुमाननगर, मिसारवाडी, नारेगाव, पुढे सातारा-देवळाई. शेतकऱ्याने शेताचे गुंठा-गुंठा, अर्धा गुंठा असे तुकडे पाडून विकले. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या लहान तुकड्याची खरेदीखताने नोंदणी होत नव्हती, अकृषिक परवानगी नव्हती, मंजूर रेखांकन नव्हतं. व्यवहार शंभर रुपयांच्या बाँडवर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. घेणारा वाळूजचा कामगार, गवंडी, रिक्षावाला, भाजीवाला. शहरात अशा शंभरावर 'गुंठेवारी' वसाहती उभ्या राहिल्या.

खरेदीखत नसेल तर बँक कर्ज देत नाही. गुंठेवारीतल्या घरांचा आकार या एका अडचणीने ठरवला, असं मला वाटतं. कर्ज मिळालं असतं तर लोकांनी एकदम दोन खोल्यांचं आखीव घर बांधलं असतं. मिळालं नाही म्हणून आधी चार भिंती आणि पत्रे, मग भिशी लागली की गिलावा, दिवाळीच्या बोनसमधून फरशी, गावाकडचं शेत विकलं की स्लॅब, बायकोच्या पाटल्या मोडल्या की वरची खोली. पुंडलिकनगरातलं तीन मजली घर पाहताना खालचा मजला विटांचा, मधला सिमेंटच्या ठोकळ्यांचा आणि वरचा पत्र्याचा दिसतो, तेव्हा आपण त्या कुटुंबाचं बचतीचं पासबुक चाळत असतो. रस्ते अरुंद, गटार नाही, नाला जवळ, हे सगळं खरं. पण या वसाहती झाल्या नसत्या तर कारखान्यांत जाणारी माणसं राहिली कुठे असती, याचं उत्तर शहर नियोजनाच्या कुठल्या आराखड्यात नव्हतं.

सरकारने ते उशिरा मान्य केलं. २००१ मध्ये गुंठेवारी विकास नियमितीकरणाचा कायदा आला. १ जानेवारी २००१ पर्यंतच्या घरांना शुल्क भरून कायदेशीर होता येईल. थोड्यांनी फाइली केल्या, बहुतेकांनी "बघू" म्हटलं. दरम्यान घरं वाढतच होती, म्हणजे २००१ ला एक मजला नियमित केला असला तरी २०१० ला वरचे दोन पुन्हा अनधिकृत. २०२१ मध्ये कायदा दुरुस्त होऊन मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली आणि महापालिकेने मोहीमच काढली. वास्तुविशारदांची यादी, रेडी रेकनरशी जोडलेलं शुल्क, सवलत, मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. ज्या घरात कधी टेप लागली नव्हती तिथे आर्किटेक्टची पोरं टेप घेऊन फिरली आणि गुंठ्याच्या घराचा पहिला नकाशा बांधकामानंतर वीस-पंचवीस वर्षांनी तयार झाला.

सिडकोतही कागदाचं दुखणं होतंच. तिथली जमीन भाडेपट्ट्याची, हस्तांतराला ना हरकत, वाढीव बांधकामाला परवानगी. एप्रिल २००६ मध्ये सिडकोने वसाहती महापालिकेकडे सोपवल्या, पण जमिनीची मालकी स्वतःकडे ठेवली, त्यामुळे गटार तुंबलं तर एका दारात आणि घर विकायचं तर दुसऱ्या. लीज होल्ड की फ्री होल्ड हा इथल्या प्रत्येक निवडणुकीचा मुद्दा झाला. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली. तिच्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा देऊन शुल्क भरलं की स्वतंत्र परवानगीची गरज नाही, अशी सोय झाली. आजवर चोरून बांधणाऱ्याला पुढे तरी उजळ माथ्याने बांधता येईल, असा तिचा अर्थ. आधीच चढलेल्या मजल्यांना मात्र ती लागू नाही. त्यांना शास्ती, म्हणजे महापालिका अधिनियमाप्रमाणे मालमत्ता करावर लागणारा दंड. गंमत अशी की कित्येक घरमालक शास्तीची पावती जपून ठेवतात. महापालिकेने कर घेतला म्हणजे मजला मान्य केला, असा त्यांचा ठाम समज. कायदा तसं मानत नाही.

२०२५ च्या जून-जुलैमध्ये याचा प्रत्यय रस्त्यावर आला. मुकुंदवाडी, पैठण रस्ता, पडेगाव-मिटमिटा अशा मुख्य रस्त्यांवर महापालिकेची पाडापाडी झाली. रस्त्याच्या रुंदीत आलेली दुकानं, पुढे काढलेल्या खोल्या, जिने गेले. पन्नास वर्षांत घरं पुढच्या बाजूने वाढली होती, कारण भाडं पुढच्या दुकानाला मिळतं. पाडतानाही पहिली तीच पडली. मागची, भाडं कमी देणारी खोली राहिली. लोकांच्या हातात पावत्या होत्या, वीजबिलं होती, बाँड होते. परवानगीचा कागद मागितला गेला तेव्हा शांतता. रस्ता रुंद व्हायला हवा होता हे मान्यच, पण इतकी वर्षं त्या दुकानांचा कर घेणाऱ्यांनी एकदा तरी आखणी करून द्यायची होती. त्याच जुलैमध्ये विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात शहरी भागातला तुकडेबंदी कायदा शिथिल करण्याची घोषणा झाली. एकाच महिन्यात एकीकडे जेसीबी, दुसरीकडे सवलत.

आज घर विकायला काढलं की दोन भाव निघतात. घेणारा मजले, जिना, टाकी, मागचं भाडं बघून एक आकडा मनात धरतो. बँकेचा माणूस येऊन मंजूर नकाशातल्याच खोल्या मोजतो आणि कर्ज त्यावरच बसवतो. मधली तफावत जवळच्या पैशांतून भागवायची. तीन मजले बांधून, एकही नियमित न करता बसलेल्या घरापेक्षा दीड मजल्याचं पण फाइल पूर्ण असलेलं शेजारचं घर लवकर जातं, हे सिडकोतला कुठलाही दलाल सांगेल. म्हणून किंमत वाढवायची असेल तर आज पहिला खर्च फाइलवर, दुसरा जिना आणि पाण्यावर, वरच्या खोलीवर तिसरा. क्रम उलटा धरलेल्यांची घरं बाजारात रेंगाळतात. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीत अथर, टोयोटा किर्लोस्करसारख्या कंपन्यांच्या घोषणा २०२४ मध्ये झाल्यापासून भाव चढतील या आशेने काहींनी गजांवरच्या बाटल्या काढायला घेतल्या आहेत. त्यांनाही हेच सांगावंसं वाटतं.

सिडकोच्या पहिल्या पिढीचं काम मात्र आता वेगळं आहे. ज्या पोराचं जमायची वाट बघत मजला चढला, तो पुण्यात किंवा बंगळुरूत. वरच्या दोन्ही मजल्यांवर भाडेकरू. खाली सत्तरी ओलांडलेलं जोडपं, आणि त्यांचा संडास अजून मागच्या बाजूला, दोन पायऱ्या उतरून, एकेकाळी सिडकोने दिला तिथेच. तीन मजले वाढले, तो तेवढा हलला नाही. हल्ली मिस्त्री लोकांकडे या भागातून जी कामं येतात त्यांत खोलीला लागून कमोडचं न्हाणीघर, भिंतीला धरायला दांडी आणि दारातल्या पायरीच्या जागी उतार, ही बरीच असतात. जागा पुढच्या खोलीतूनच घ्यावी लागते.